डब्यावरचं फूल

उन्हाळ्यात कंपनी रोज एक ज्यूस देते.
सोहारच्या बंदरामागे, साडेबाराच्या सुट्टीत,
पिकअपच्या फळीवर बर्फाची पेटी,
पेटीत खोके, खोक्यावर आंबा.
आंबा इतका पिकलेला
की पहिल्या वर्षी सिराज सरखोत
स्ट्रॉ खुपसण्याआधी खोका हुंगायचा.
पुठ्ठ्याचा वास यायचा.
दुसऱ्या वर्षी हुंगणं सुटलं,
चौथ्या वर्षी तो माझाही ज्यूस पिऊ लागला,
पाचव्या वर्षी रात्रीतून चारदा उठू लागला.

दवाखान्यातल्या मल्याळी सिस्टरने बोटातून थेंब काढला,
यंत्राकडे पाहिलं, मग सिराजकडे.
जेवणात काय असतं?
भात, तो म्हणाला.
आणि जरा ताठ बसून: फळं. रोज फळं.

खोलीत बारीक अक्षर वाचणारा मी एकटा.
चष्मा कपाळावर चढवून खोका दिव्याशी धरला.
साखर चोवीस ग्रॅम. प्रथिने शून्य. तंतू शून्य.
फळांचा रस दहा टक्के.
"मग बाकीचे नव्वद?"
पाणी, म्हटलं.
आणि चित्र.

पलीकडच्या खोलीतला मिसरी अब्देल-मोनेम
रोज पहाटे एक डबा फोडतो.
नवे होतो तेव्हा विचारलं होतं, हे काय?
तो म्हणाला, फूल.
सिराजने डब्यात डोकावून पाहिलं आणि खो खो हसला,
अरे, हे तर पावट्याचे थोरले भाऊ!
तेव्हापासून येता-जाता एकच थट्टा:
मोनेमभाय, आजचं फूल कुणाच्या केसात माळणार?

त्या संध्याकाळी मी त्याच डब्याची पाठ वाचली.
प्रथिने सहा, तंतू पाच, साखर नावापुरती.
मीठ फार, ते धुऊन टाकावं लागेल.
चित्रात मातकट दाणे, अर्धं लिंबू, कांदा,
जणू कुणाला विकायचंच नव्हतं.
सिराज बराच वेळ दोन्हीकडे बघत राहिला,
मग खाटेखालून बॅग ओढली
आणि तळातून कडव्या वालांची पिशवी काढली.
म्हसळ्याहून आणलेली. गाठही सुटली नव्हती.
इथे कोण भिजवणार, कोण सोलणार?

पहिले वाल एसीत गारठून गेले.
दुसरे बाहेर ठेवले, शेहेचाळीस अंशांत,
संध्याकाळपर्यंत आंबून फेस आला.
तिसऱ्यांदा त्याने ते ओल्या पंचात बांधले,
पंचा सेफ्टी हेल्मेटात ठेवला
आणि हेल्मेट फ्रिजच्या मागे सरकवलं,
जिथे मोटर कोमट उसासे टाकते.
सकाळी तो बिनहेल्मेटचा कामावर गेला.
दोन रियाल दंड.
रात्री पंचा उघडला:
नखाएवढे, पांढरे, वाकडे मोड.

सोलायला चौघे बसलो.
मोनेम न बोलावता आला, मांडी घालून बसला.
बोटं आमच्यापेक्षा जलद.
म्हणाला, आमच्याकडेही फुलाला मोड आणतात,
घरात कुणी आजारी असलं
की आई त्याचं पाणी पाजायची.
सिराज काही बोलला नाही.
साल चिमटीतून निसटून माझ्या गालाला चिकटली,
तेव्हा मात्र हसला.

ज्यूस अजून मिळतो.
एक माणूस, एक खोका, एक सही.
घेतला नाही तर हिशेब चुकतो, म्हणून तो घेतो.
खाटेखाली आंब्यांची रास लागलीय.

परवा त्यातला एक त्याने माझ्यापुढे धरला. वाच.
तेच आहे रे.
तंतू किती?
शून्य.
आणि वालात?
वालावर काही छापलेलं नसतं, म्हटलं.
तरी त्याने पिशवी दिव्याशी आणली.
निळ्या पेनाने, नफीसाच्या तिरक्या अक्षरात:
'भिजवल्याशिवाय शिजवू नका.'
आणि खाली, घामाने निम्मं पुसलेलं,
'दोन किलो.'